चौथा कोपरा

राजकन्याच्या थापीवरून सिमेंटचा गोळा सुटला आणि थेट खाली उभ्या असलेल्या माणसाच्या पांढऱ्या शर्टावर जाऊन बसला.

"देवीला नमस्कार करायला आलो होतो," तो वर बघत म्हणाला, "प्रसाद लगेच मिळाला!"

"देवी अजून बसायची हाय. तोवर जरा बाजूला उभं राहावं माणसानं," ती परांचीवरून म्हणाली. माफी जिभेवर आली होती, पण तो असा काही हसला की... राहूनच गेली.

त्याचं नाव सुदर्शन. जन्म लातूरचा, तिथंच एका क्लासमध्ये भूमिती शिकवायचा. वडील गेले, तेव्हा भोकरजवळच्या या गावातली शेती बघायला दर रविवारी येऊ लागला. राजकन्या याच गावच्या व्यंकटरावांची एकुलती एक. नांदेडला आर्किटेक्चर शिकून आली आणि गावानं देवळाचं काम तिच्या गळ्यात घातलं.

शर्ट वाळला तरी गडी हलेना. "खोली चौकोनी, घुमट गोल. बसणार कसा?"

"पेंडेंटिव्हवर."

"ही काय भानगड?"

ती खाली उतरली. डब्यातली मोसंबी तिनं अर्धी कापून पालथी ठेवली, चारी बाजू सुरीनं उभ्या उतरवल्या, वरची टोपी कापून काढली. उरले चार कोपरे. खाली निमुळते, वर पसरत जाऊन एकमेकांना भेटलेले.

"हे चार त्रिकोण म्हणजे पेंडेंटिव्ह. मूळ अर्थ लोंबणारे. बघणाऱ्याला वाटतं घुमटाला लोंबून राहिलेत, पण सगळा भार त्यांच्यावरच असतो. आपले गवंडी नुसतं कोपरा म्हणतात."

"आणि एक कोपरा नसला तर?"

"तर घुमट न्हाई."

त्यानं कापलेली फोड तोंडात टाकली. "भूमिती इतकी गोड असते, हे पोरांना सांगायला पाहिजे."

मग काय, दर रविवारी भूमिती सुरू झाली. तो शेतातून हरभऱ्याचे डहाळे आणायचा, ती घाटे सोलता सोलता त्याच्यावर लटकंच रागवायची. एकदा तिच्या केसांतली वाळू झटकायला त्याचा हात पुढं आला आणि मध्येच थांबला... तो थांबलेला हात तिला आठवडाभर पुरला. ती त्याच्यावर जीव टाकू लागली होती. भावकी वेगळी, जात एक, घरं तोलामोलाची. कुठंच अडत नव्हतं. त्यानं फक्त विचारायचं बाकी होतं.

अडलं ते देवळाचं. गावाची जुनी रीत अशी, की घुमटाचे चार कोपरे चार घरांनी द्यायचे. विटा त्या घराच्या, पहिली वीटही त्याच घरच्या हातानं लागणार. तीन घरं ठरली होती. पहिलं व्यंकटरावांचं, कारण राजकन्याची आई सिंधु मरताना तेवढंच मागून गेली होती. चौथं घर मिळेना. व्यंकटरावांनी दोनदा सुदर्शनच्या घराचं नाव काढलं, दोन्ही वेळा राजकन्यानं विषय बदलला. कारण रीत तिथंच संपत नव्हती. कोपरे देणारी घरं त्या दिवसापासून सख्खी होत, त्यांच्यात लेकी देणं-घेणं कायमचं बंद.

हे तिनं सुदर्शनला सांगितलं नाही. सांगायचं तर, 'मला तुझ्या घरी यायचंय' हे आधी सांगावं लागलं असतं. बाईसाहेबांना त्याची लाज वाटली.

पूजेच्या दिवशी तीन विटा लागल्या. पुजारीण शिवम्मा आजीनं विचारलं, "चौथा कोपरा कुणाचा?"

"आमच्या घरचा!" गर्दीतून सुदर्शन पुढं झाला. हातात वीट, नजर राजकन्याकडं, चेहरा असा की जणू तिच्यासाठी दागिनाच आणलाय.

"थांबा!" ती ओरडली.

त्याला वाटलं, लाजली. तो हसत परांचीवर चढला आणि वीट लावून मोकळा झाला. शिवम्मा आजीनं चौघांच्या मनगटांना एकच दोरा गुंडाळला. "आता चारी घरं एका रक्ताची. सोयरीक न्हाई जमायची."

सुदर्शनचं हसू जागच्या जागी विझलं.

व्यंकटरावांनी लेकीचा चेहरा वाचला. तिला भिंतीआड नेऊन म्हणाले, "बाई, वीट अजून ओली हाय. माझा कोपरा मी काढून घेतो. मग तुम्ही मोकळे."

"आणि आई?"

पागोट्याचा शेव त्यांनी डोळ्यांना लावला.

"राहू द्या, आबा," ती म्हणाली.

संध्याकाळी बांधावर सुदर्शननं तिला गाठलं. "मला कुणी सांगितलंच न्हाई गं! तुझा घुमट अडून राहिला होता म्हणून... कोपरा देऊन मी आईला घेऊन तुमच्या घरी येणार होतो. चल, लातूरला जाऊ. तिथं कोण विचारतंय?"

"आबांनी आईचा कोपरा काढायची तयारी दाखवली, सुदर्शन. त्यांना मागं टाकून मला न्हाई येता यायचं."

"मी आवडतो की न्हाई, तेवढं तरी सांग."

"लई," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्याचा हात धरला. "पहिल्या दिवसापासून."

घुमट मात्र देखणा झाला. चैत्रात कळस चढला. त्या दिवशी चारी घरांच्या लेकींनी चारी घरांच्या मुलांना ओवाळायचं असतं. सुदर्शन आला नसता तरी चाललं असतं, पण तो आला. ती वाट बघत उभी राहू नये म्हणून आला.

सगळं गाव बघत होतं. राजकन्यानं ओवाळणीचं ताट उचललं. रिकाम्या पाटाशी ती थांबली. शिवम्मा आजीनं मागून हळूच म्हटलं, "बोलाव की बाई. नात्यानं बोलवायचं असतं."

राजकन्यानं मान वर केली आणि त्याच्याकडं डोळे भरून बघितलं.

"दादा," ती म्हणाली, "बसा पाटावर."

तो बसला.