हाकेला ओ

त्या दुपारी चिऊ नेहमीसारखी कामाला निघाली होती. पिशवीत गरम पाण्याची बाटली, घशाच्या गोळ्या आणि चष्मा. जिन्यात शेजारीण भेटली. "निघालात?" म्हणाली. चिऊने मान हलवली, आणि तिच्या दिवसभराच्या गप्पा तिथेच संपल्या.

आता चिऊ म्हटल्यावर कुणी लहान मुलगी डोळ्यांपुढे आणू नका. पन्नाशीला टेकलेली बाई. केस पिकलेले, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. पण गळा असा मिळालेला की डोळे मिटून ऐकावं तर समोर आठ वर्षांची पोर उभी. परभाषेतल्या मालिका आपल्या भाषेत बोलत्या करायच्या त्या डबिंगच्या कामात लहान मुलांचे आवाज बहुतेक वेळा अशा बायकाच देतात. मुलं कंटाळतात आणि तसं सांगतात, बायका कंटाळल्या तरी सांगत नाहीत, एवढाच काय तो फरक. स्टुडिओत सगळे तिला चिऊच म्हणत. खरं नाव विचारायची वेळ कुणावर आली नव्हती.

बरीच वर्षं चाललेली एक मालिका होती. बायको गेलेला एक माणूस, त्याची छोटी मुलगी. नवऱ्यापासून वेगळी झालेली एक बाई, तिचा मुलगा. दोघांचं प्रेम जमतं, लग्न होतं, दोन घरांचं एक घर होतं, आणि मग भांड्याला भांडं लागत राहतं. घरोघरी बायका ती बघून डोळे पुसत. सगळ्यांचा जीव अडकला होता तो एकाच गोष्टीत. ती मुलगी नव्या आईला 'आई' म्हणायला तयार नव्हती. रोज ती मेलेल्या आईच्या फोटोपुढे उभी राहायची आणि हाक मारायची. त्या मुलीचा आवाज म्हणजे आपली चिऊ.

तशी हाक काही नुसत्या गळ्यातून निघत नाही. चिऊची एक युक्ती होती, ती तिने कुणाला सांगितली नव्हती. हेडफोन लावला की ती डोळे मिटून स्वतःच्या आईला हाक मारायची.

तिची आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. चेहरा म्हणाल तर फोटोत बघितलेला. आठवत होतं ते एवढंच. बाहेरून हाक मारली की आतून उत्तर यायचं, "ओ… आले गं, आले." आणि मग जवळ यायचा तो ओल्या केसांचा वास. पुढे वर्षभरात वडिलांनी दुसरं लग्न केलं. सगळे म्हणाले, हिला आई म्हण. पोरीने ओठ घट्ट मिटून घेतले आणि म्हणाली, "मावशी." वर 'तुम्ही'ही लावलं, म्हणजे उरलंसुरलं अंतरही पक्कं झालं. मावशीला पुढे स्वतःचं मूल झालं नाही. तिने वेण्या घातल्या, ताप आला तेव्हा उशाशी बसली, आणि या गोष्टीबद्दल एका शब्दाने कधी बोलली नाही. वडील गेल्यावर ती त्याच घरी एकटी राहिली, बसने दोन तासांवर. रविवारी फोन व्हायचा. औषध घेता का, घेते. जेवलीस का, जेवले. बरं, ठेवते.

तर त्या दुपारी चिऊ रेकॉर्डिंगच्या खोलीत शिरली. ती खोली म्हणजे भर दिवसा अंधारकोठडी. भिंतींना जाड फोम, खाली जुना गालिचा, एक पडदा, एक माईक, आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. त्याला सगळे कानसेन म्हणत. घड्याळाची टिकटिकसुद्धा त्याला खपायची नाही.

पडद्यावर मुलगी फोटोपुढे उभी राहिली. चिऊने डोळे मिटले.

"आई…"

मग मूळ दृश्यात असते तशी शांतता. आणि त्या शांततेत, हेडफोनच्या आत, फार लांबून कुणीतरी म्हणालं,

"ओ…"

चिऊने डोळे उघडले. काचेपलीकडे कानसेन चहा ढवळत होता.

"काही ऐकलंत?" तिने विचारलं.

"काय?"

"माझ्यानंतर… कुणी बोललं का?"

त्याने तो तुकडा पुन्हा लावला. हाक होती. पुढे काहीच नव्हतं. "छान आलंय, चिऊताई. कशाला शंका काढता?" तो म्हणाला. खोलीत ओल्या केसांसारखा वास येत होता. गालिचा दमट झाला असेल, असं तिने मनाला सांगितलं.

घाबरायला हवं होतं तिने. पण खोटं कशाला सांगू, तिला आनंद झाला. ज्या बाईला घरी हाक मारायला कुणी नाही, तिच्या हाकेला इतक्या वर्षांनी कुणी ओ दिली होती. दुसऱ्या दिवशी ती वेळेच्या आधी हजर. हाक झाली, ओ आली. तिसऱ्या दिवशीही आली, थोडी जवळून. मग तिला चटकच लागली. टेक चांगला झाला तरी म्हणायची, "अजून एक घेऊ या का?" कानसेन म्हणायचा, "अहो, पहिलाच उत्तम होता." पण घ्यायचा बिचारा. एकेका हाकेचे दहा-दहा टेक. घरी परतताना ती वाटेत स्वतःशीच हसायची, आणि रात्री एकटी जेवतानाही तिला पूर्वीइतकं एकटं वाटत नव्हतं.

रविवारी तिने मावशीला फोन केला.

"औषध घेता ना?"

"घेते. गुडघ्याला जरा लागलंय, बाकी ठीक."

"कशाने लागलं?"

"पायरीवर पडले. घाईत उठले ना, तू हाक मारलीस तेव्हा."

चिऊला वाटलं, म्हातारपण. ती हसून म्हणाली, "मावशी, मी इथे आहे. टीव्हीवर ऐकलं असेल तुम्ही."

"टीव्ही संध्याकाळी असतो गं. तू दुपारी हाक मारतेस." मावशी अगदी शांतपणे बोलत होती, दुधाचा रतीब सांगावा तशी. "आधी वाटलं, भास. पण तू थांबेचना. एकदा ओ दिली, तरी पुन्हा हाक. पुन्हा ओ दिली, पुन्हा हाक. म्हटलं, पोरीला काहीतरी झालंय. म्हणून आता दारापर्यंत जाते."

चिऊच्या हातातला फोन गार पडल्यासारखा झाला.

"काल तर म्हणालीस, आई, दार उघड ना, अंधार झालाय," मावशी सांगत होती. "भर दुपारी कसला अंधार? पण उघडलं गं मी दार. कुणी नव्हतं."

ते वाक्य चिऊने आदल्याच दिवशी म्हटलं होतं. तो भाग टीव्हीवर यायला अजून आठवडा होता.

"मावशी… तुम्ही ओ कशाला देता?" तिच्या तोंडून कसंबसं निघालं. "मी… म्हणजे ती हाक…"

"माझ्यासाठी नसेल, माहीत आहे मला," मावशी म्हणाली. "पण दुसरं कुणी ओ देईना. मग मीच देते. लहानपणी तू मला कधी असं बोलावलं नाहीस. आता बोलावतेस तर घरात बसून राहू का?"

फोन ठेवल्यावर चिऊ बराच वेळ पलंगावर बसून रडली. रडण्यात शरम जास्त होती. हौसेने घेतलेल्या प्रत्येक टेकला ती म्हातारी दुखऱ्या गुडघ्यावर उठत होती.

दोन दिवस तिने तब्येतीचं कारण काढून सुट्टी घेतली. तिसऱ्या दिवशी जावंच लागलं. एकच हाक होती. तिने ती दबक्या आवाजात उरकली, पुन्हा काही घेतलं नाही. संध्याकाळी मावशीच्या शेजाऱ्यांचा फोन. मावशी कोपऱ्यावरच्या मोठ्या रस्त्यावर सापडली होती, जिथे ट्रक वळतात तिथे, अनवाणी. विचारलं तर म्हणे, मुलगी बोलावतेय, आवाज लांब गेला म्हणून मागे आले.

आणि पुढचा भाग म्हणजे मालिकेतला सगळ्यात मोठा भाग. मुलगी घरातून निघून जाते, गर्दीच्या रस्त्यावर हरवते आणि आईला हाका मारत राहते. एक-दोन नाही, सबंध दहा मिनिटं हाकाच हाका. शेवटी नवी आई धावत येते, आणि मुलगी पहिल्यांदा तिला आई म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिऊने कानसेनला फोन लावला. "मी येत नाही. हा भाग दुसऱ्या कुणाला द्या."

"आता? अहो, संध्याकाळी पाठवायचाय."

"मला जमायचं नाही."

"बरं, बरं, घसा सांभाळा," तो समजुतीने म्हणाला. "काळजी करू नका. तुम्ही इतके टेक देऊन ठेवलेत, माझ्याकडे तुमच्या हाकांचं गोदाम भरलंय. त्यातूनच बसवतो. दुपारी लावतो सगळ्या एकापाठोपाठ."

"नको… त्या लावू नका. माझं ऐका…"

पण त्याला वाटलं ती कामाच्या दर्जाबद्दल बोलतेय. "कुणाला कळणारसुद्धा नाही," असं म्हणून त्याने फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलेना. रेकॉर्डिंगच्या खोलीत फोन बंद ठेवायचा नियम त्यानेच केलेला.

चिऊ मिळेल त्या बसमध्ये चढली. मावशीच्या दारात पोहोचली तेव्हा दुपार नुसती पसरली होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मावशीने दार उघडलं. वाळून काडी झालेली, गुडघ्याला पट्टी.

"अगं बाई… आज हाक न मारताच आलीस?"

आत खुर्ची दाराला लागून ठेवली होती. चपला उंबऱ्याशी, टाचा आतल्या बाजूला, घाईत पाय घालून निघता येतील अशा. चिऊने दार लावलं, वरची कडी घातली, खिडकी ओढून घेतली आणि मावशीला पलंगावर बसवून तिचा हात धरून शेजारी बसली. इतक्या वर्षांत तिने तो हात असा धरला नव्हता. मावशीनेही तो सोडवून घेतला नाही.

"चहा टाकते," मावशी म्हणाली.

"नको. बसा माझ्याजवळ. आज काही ऐकू आलं तरी उठायचं नाही."

बराच वेळ काही झालं नाही. नळ ठिबकत होता. लांब एक ट्रक वळला. मग गल्लीच्या तोंडाशी कुठेतरी एक बारीक, गोड, रडवेला आवाज आला.

"आई…"

स्वतःचाच आवाज चिऊने जन्मभर हेडफोनमध्ये ऐकला होता, पण रस्त्यावरून चालत येताना कधी ऐकला नव्हता.

"आई… कुठे आहेस?… आई…"

मावशी उठली.

"बसा, मावशी. ती मी नाही. मी इथे आहे, तुमच्याजवळ."

"तू इथे आहेस," मावशी म्हणाली. तिची नजर दारावर होती. "मग ती रडतेय ती कोण? लहान आहे गं ती…"

हाका जवळ येत गेल्या. फाटकाशी, मग अंगणात. एकीत दुसरी मिसळत होती, सगळ्या जुन्या, सगळे तेच दहा-दहा टेक. चिऊने मावशीचा दंड धरला, पण त्या काटकुळ्या देहात कुठून बळ आलं होतं कोण जाणे. ती चिऊला ओढत दारापर्यंत गेली. चपलांत पाय घातले. कडीला हात लावला.

"मावशी, नका जाऊ… मावशी, ऐका…"

ती ऐकेना. बाहेरून हाक येत होती आईला, आणि आतून मावशीला. थांबणार ती कशी?

चिऊने तिला मागून घट्ट मिठी मारली. जे ओठ सहाव्या-सातव्या वर्षी मिटले होते ते उघडले, आणि बाहेर आला तो पोरीचा गोड गळा नव्हता, पन्नाशीतल्या बाईचा घोगरा आवाज होता.

"आई… नको ना जाऊस."

मावशीचा हात कडीवरून खाली आला. बाहेरच्या हाका मधूनच तोडाव्यात तशा थांबल्या. मावशी हळूच वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. इतकी वर्षं वाट बघितल्यावर माणूस बोलेल तशा दबक्या आवाजात ती म्हणाली,

"ओ."

आणि लगेच, दाराच्या पलीकडून, अगदी फळीला तोंड लावल्यासारखं, एका तरुण बाईच्या आवाजात,

"ओ… आले गं, आले."

दोघी तशाच उभ्या राहिल्या. दाराखालच्या फटीतून ओल्या केसांचा वास आत येत होता. वरची कडी आपोआप हलल्यासारखी वाटली, मग स्थिर झाली. मावशीने चिऊचा हात दोन्ही हातांत धरला.

"पोरी," तिने अगदी हळू विचारलं, "तू आत्ता हाक मारलीस ती… कुणाला?"

चिऊने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. दाराबाहेर श्वास रोखल्यासारखी शांतता होती. तिथे जी कोणी उभी होती, तीही याच उत्तरासाठी थांबली होती.