सेलवर चालणारा डबा

आमच्या थोरल्या मंदाचं लग्न २००५ सालच्या मार्गशीर्षात झालं. त्याच मांडवात आमच्या ह्यांना झटका आला आणि त्यांचा उजवा हात लुळा पडला. ह्यांना सारं मुर्धा गाव दाजी म्हणायचं.

पुढच्याच महिन्यात दाजी खाडीच्या बांधावरून घसरून पडले. धाकट्या सुगंधाने कमरेइतक्या गाळात उतरून त्यांना ओढून काढलं. तेव्हापासून भांड्यांच्या कारखान्यात कामाला जाताना ती मला बजावायची, “आई, बाबांनी उंबरा ओलांडायचा नाही.” दाजी दिवसभर दाराकडे बघत बसायचे. डॉक्टरांनी दाबायला दिलेला चेंडू डाव्या हाताने भिंतीवर फेकायचे.

एकदा सुगंधा मिक्सर घेऊन स्टेशनजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात गेली. तिथला शिवा प्लॅस्टिकच्या जेवणाच्या डब्यात स्क्रीन आणि दारावरच्या बेलची बटणं बसवून व्हिडिओ गेम खेळत होता.

“गिऱ्हाईक उभं आहे आणि तुम्ही खेळताय?”

“खेळत नाही, चेक करतोय...” त्याने मान वर केली आणि पुढचं बोलायचं विसरला.

“मिक्सर होईल, की नुसतं बघणार?”

“मिक्सर लगेच होतो. बघायला वेळ लागतो.”

घरी येऊन तिने हे मला रागारागाने सांगितलं. राग खरा होता, पण सांगितलं दोनदा.

मग तिने दाजींच्या बोटांच्या व्यायामासाठी तसाच डबा शिवाला करायला सांगितला. “पण प्लगवर चालणारा हवा. सेल घालायचे नाहीत.”

“अहो, हातात धरायची वस्तू आहे. वायर लावली तर तुमचे बाबा भिंतीला बांधले जातील.”

“तेच पाहिजे मला!”

शिवाने निमूट वायर लावून दिली. दाजी प्लगपाशी बसून खेळू लागले, अंगठा हलायलाही लागला. पण दुपारी लाइट गेली की स्क्रीन काळा व्हायचा आणि ह्यांचा चेहराही. ‘वायर तपासायला’ म्हणून शिवा अधूनमधून यायचा. जाताना सुगंधाच्या चपलांची रिकामी जागा बघून जायचा.

एका दुपारी दाजी त्याला म्हणाले, “पोरा, माजा हात लुला हाय, पाय न्हाय. काढ ही दोरी!”

शिवाने माझ्याकडे पाहिलं. मी दारातून बाजूला झाले. त्याने पिशवीतून जुन्या कॅमेऱ्याचे चार्ज होणारे सेल काढले आणि डब्यात बसवले.

संध्याकाळी सुगंधा आली. दाजींची जागा रिकामी बघून ती धावत सुटली, मी तिच्या मागे. बांधावर म्हातारे कोंडाळं करून बसले होते आणि मधोमध दाजी, डबा मांडीवर, खदखदा हसत. मागे शिवा बसला होता. दाजींच्या सदऱ्याचं टोक त्याने मुठीत घट्ट धरलं होतं.

“कोणाला विचारून?” सुगंधा ओरडली. “तुम्ही काय समजता स्वतःला? मी प्लग सांगितला होता!”

“सांगितला होता.”

“परत पडले असते म्हणजे? त्या गाळात तुम्ही उतरणार होतात?”

“म्हणूनच दुकान बंद करून बसलोय.”

“आज बसलात! उद्या?”

“उद्याही.”

“आणि परवा?” तिचा आवाज चिरला. “असं कोण रोज बसतं हो, दुसऱ्याच्या बापासाठी?”

“दुसऱ्याच्या नाही बसत कोणी...” शिवा खाली बघून म्हणाला. “तुम्ही हो म्हणा, मग दुसऱ्याचे कुठे राहतात?”

म्हातारे सुगंधाकडे बघू लागले. खाडीचा खारा वारा तिची ओढणी ओढत होता.

“ही काय मागणी घालायची रीत झाली?” ती दात आवळून म्हणाली. “मी रागात आहे.”

“तुम्ही कधी नसता? वाट बघत बसलो तर मीच म्हातारा होईन.”

“आगं, हो बोल त्याला!” दाजी कडाडले. “माजा खेळ थांबलाय!”

सुगंधा हो म्हणाली नाही. ती धपकन दाजींच्या पलीकडे बसली आणि सदऱ्याचं दुसरं टोक तिने मुठीत धरलं. मला तेवढं पुरलं.

वैशाखात लग्न लागलं. भांडण चालूच राहिलं, पण घरातला उंबरा मोकळा झाला.

दाजी २००९ साली श्रावणात, सकाळच्या भरतीला, बांधावर बसल्या जागी गेले.