दोन मुठींवरचा ध्रुव

हरसूलच्या शाळेच्या मैदानात स्नेहलबाईंनी पश्चिमेच्या ठळक चांदणीकडे बोट दाखवून पालकांना ठणकावून सांगितलं, "हा ध्रुव!"

"अहो मॅडम," दुर्बिणीमागून कुणीतरी खुदकन हसलं, "ध्रुव पश्चिमेला कधी गेला? तो शुक्र!"

पालकांतल्या साळूबाईंनी तोंडाला पदर लावला. "बाईंचा ध्रुव लयच फिरता हाय!"

हसणारा होता सार्थक, नाशिकहून आकाश दाखवायला आलेला. स्नेहलचे कान लाल झाले.

"मग दाखवा ना, एवढं येतं तर!"

त्यानं दाखवलं. उत्तरेला सप्तर्षी, पतंगासारखे, शेपटीसकट. चौकोनाच्या टोकाचे दोन तारे, पुलह आणि क्रतु, त्यांतून रेघ ओढायची, पाचपट पुढे.

"हात लांब करा. क्षितिजापासून एकावर एक, दोन मुठी." त्यानं तिची मूठ जराशी वर सरकवली, आणि... हात काढायला विसरला.

"एवढासाच?"

"एवढासाच. पण जागचा हलत नाही."

सार्थक मात्र हलला! उन्हाळाभर दर शनिवारी काही ना काही निमित्त काढून यायचा, आणि जूनमध्ये गेला लडाखला, वेधशाळेतल्या नोकरीवर. मनातलं दोघंही बोलली नाहीत. काय म्हणावं यांना! तो आपला आहे की नाही, या एका प्रश्नानं स्नेहलचा जीव टांगणीला लागला. पावसाळाभर रोज संध्याकाळी ती ढगांआड ध्रुव शोधायची.

मार्गशीर्षात एके दिवशी तिनं न राहवून फोन लावला.

"सप्तर्षी दिसतच नाहीत रे... ध्रुव कसा शोधू?"

"वेडाबाई, थंडीत ते संध्याकाळी मावळलेले असतात. वर इंग्रजी एम दिसतो? ती शर्मिष्ठा. मधल्या टोकाखाली बघ."

"दिसला! दोन मुठी."

"माझ्याकडे सव्वातीन, इतक्या उत्तरेला तो वर दिसतो. रोज मोजतो. बोटं गोठतात, तरी."

रोज! स्नेहलनं डोळे पुसले.

"सार्थक, लग्नात नवरीला ध्रुव दाखवतात ना? ताईचं लग्न भरदुपारी. मांडवाच्या कापडाकडे बघून 'दिसला' म्हणाली. मला नाही असं खोटं बोलायचं."



"मग?"

"मग तुझ्या आईला गोरज मुहूर्त काढायला सांग. वैशाखातला. सप्तर्षीही आलेले असतील."

"आणि ध्रुव... मी दाखवायचा?"

"तो मी शोधीन," ती म्हणाली. तिची मूठ अजून उत्तरेलाच होती. "तू फक्त हात काढायला विसर."