चॅपेलची समुद्राकडची खिडकी

खांदा कॉलनीतल्या गच्चीवर जेवणं उरकून सगळे बसले होते. आनंदाकाका म्हणाले, "हा प्रितेश माझ्या ओळखीचा. उरणकडचा."

"काका, मुद्द्यावर या ना," त्यांची पुतणी सई म्हणाली. "भूत कधी येणार?"

"घाई तुला. त्याला कुठं होती?"

गेल्या फेब्रुवारीतली अमावस्या, रात्रीचे पावणेदहा. प्रितेश बांधकामाची कंत्राटं घ्यायचा. सकाळी भरलेल्या सिमेंटवर पाणी मारायला तो खाडीच्या तोंडावरच्या चॅपेलमध्ये शिरला. पाणी नाही मारलं तर नवं काम तडकतं.

इवलंसं चॅपेल. वर नळीची कौलं, हातभर जाड काळ्या दगडाच्या भिंती, सांध्यांत शिंपल्या भाजून केलेला चुना. वेदीच्या मागे सहसा खिडकी नसते. इथे होती, आणि ती सोनाबाईची होती. दीडशे वर्षांपूर्वी तुफानात तिचा नवरा आणि दोन मुलगे समुद्रात अडकले. उजेड दाखवायला उंच जागा ही एकच. पण राखणदाराने कोळणीला दार उघडलं नाही. होडी खडकांवर फुटली, तिघेही गेले. तेराव्याला तिने पहार घेतली आणि बाहेरून भिंत फोडली. गावाने त्या भगदाडाला चौकट बसवली. तेव्हापासून शेवटची होडी लागेपर्यंत तिथे दिवा. मग तो कोळी लावोत की ख्रिस्ती.

तीच खिडकी प्रितेशने बुजवली होती. खारा वारा येतो, नवा रंग टिकत नाही, म्हणून.

"त्याला ठाऊक नव्हतं?" सईने विचारलं.

"कोळ्याचंच पोर ते! म्हणाला, आता सगळ्यांकडं जीपीएस हाय. सख्खा भाऊ, केतन, त्याच रात्री समुद्रावर होता."

प्रितेशने मग्गा ओतला. भिंत पाणी प्यायली. दुसरा ओतला...

टण्.

पलीकडून. लोखंड दगडावर.

पलीकडे भरतीचं पाणी होतं. उभं राहायला जागाच नव्हती.

टण्...

"कोण हाय?"

 मग अगदी भिंतीला तोंड लावून, बाईचा आवाज.

"माज्या तिगांना उजेड नव्हता. तुज्याला कशाला?"

केतन!

त्याने घण उचलला. ओलं सिमेंट ढासळलं. बाहेर कोणी नाही. नुसतं काळं पाणी... मोबाईलची बॅटरी लावून त्याने हात भगदाडातून बाहेर काढला. मोबाईलचं चार्जिंग संपलं, तेव्हा वेदीवरच्या मेणबत्त्या. एकीमागून एक.

"आये, चुकलं. माज्यावर काढ. त्याला सोड."

पहाटेपर्यंत त्याने हात आत घेतला नाही.

"मग?" सईचा आवाज बारीक झाला होता.

उजाडल्यावर होडी दिसली. खडकांमधून सरळ आली, दोरीने ओढल्यासारखी. सुकाणू केतनच्या हातात. अंगावर ओरखडा नाही. प्रितेश कमरेएवढ्या पाण्यात धावला. भावाला घट्ट धरलं.

केतनचे डोळे सताड उघडे होते. ऊन थेट त्यांत शिरत होतं.

"दादा," तो म्हणाला, "अजून उजाडलं नाय?"