पितळी पेल्यातलं दूध

"माझ्या मायले कोणीतरी विष देऊन राहिलं," अकोल्याहून आलेली हर्षा खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली. "कोण, तेही मले माहीत आहे. मोनाली. माझी मोठी वहिनी."

अमरावतीत खासगी तपासाचं काम करणाऱ्या गीतांजलीनं तिच्यापुढे चहा सरकवला. शेजारी तिचा चुलतभाऊ नितेश होता. गाडी चालवणं आणि चुकीचे अंदाज बांधणं, ही त्याची दोन कामं.

"मायले होते काय?" गीतांजलीनं विचारलं.

"सारखी तहान. सारखी लघवी. जेवण पाहिलं की मळमळ, पोट साफ नाही. अन् परवा मलेच विचारते, 'तू कोनाची पोरगी वं?'" हर्षानं चहा बाजूला सारला. "मी दर रविवारी येते. डोक्याले तेल लावते, तिच्या पितळी पेल्यात दूध देते. तिच्या औषधाची पुडीसुद्धा माझ्या पर्समध्येच असते. आता तिले अकोल्याले नेते आणि मोनालीची पोलिसात तक्रार करते."

"माय यायला तयार आहे?"

"नाही. फुलांचा मळा सोडून कुठं येते ती!"

परतवाडा रोडच्या त्या मळ्यापर्यंत हर्षा लहानपणीचंच बोलत राहिली. दोन भाऊ आणि ती. माय गुळाचा खडासुद्धा फुलांच्या तराजूत तोलून तिघांना द्यायची. हर्षाचं लग्न झालं तरी तिचा वाटा फडक्यात बांधून अकोल्याला जायचा.

मळ्यात शेवंतीचा वास दाटला होता. हर्षाची माय, मनकर्णाबाई, बाजेवर हार ओवत होत्या. उशाशी पाण्याची कळशी आणि तो पितळी पेला. कळशी अर्धी रिकामी.

दोघा भावांच्या चुली वेगळ्या. माय एक दिवस मनोज-मोनालीकडे जेवायची, एक दिवस शुभम-आचलकडे.

मोनाली पीठ मळत होती. तिनं मान वर केली नाही.

"मी काहून विष देईन? आमी खातो तेच तिले वाढते. अन् जेवण कोणाकडंही असो, सोमवारी हाडं मजबूत व्हायच्या औषधाची पुडी दुधातून. आठवड्यातून एकच, सांगितलं तशी."

"आणली कोणी?"

"पहिल्या मायनंच देल्या. संपल्यावर मी दुकानातून आणते." ती थांबली. "विश्वासानं देल्या होत्या हो, ताई."

आचलच्या ओसरीवर फवारणीच्या औषधाचा डबा दिसताच नितेश कुजबुजला, "ताई, सापडलं!"

"डोळे आहेत ना तुले?" आचल फणकारली. "कुलूप दिसत नाही काय डब्याले? कोणाचं चुकत असंल मले माहीत नाही, माझी पुडी कधी चुकली नाही. गुरुवार म्हणजे गुरुवार. दिवाळीपासून."

"पहिल्या पुड्या?"

"मायच्या हातच्या."

गीतांजली हसली. मग गंभीर झाली. "मनोजभाऊ, मायले आत्ताच दवाखान्यात न्या. रक्तातलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासायला सांगा."

रिपोर्ट आला तेव्हा सगळे दवाखान्याच्या व्हरांड्यात जमले होते.

"विष आहे," गीतांजली म्हणाली. हर्षानं मोनालीकडे पाहिलं. "पण देणारे तीन हात आहेत. एक हर्षाताई तुमचा."

"माझा?"

"एकीनंच काही घातलं असतं, तर तिच्या घरी जेवल्यावरच त्रास वाढला असता. इथं रोजचाच होता. तहान, लघवी, मळमळ, भ्रम हे सगळं मिळून रक्तात कॅल्शियम वाढल्याचं दिसत होतं. आणि तिघींच्या बोलण्यातून एकच गोष्ट निघाली: आठवड्यातून एक पुडी. मोनालीताई सोमवारी, आचलताई गुरुवारी, तुम्ही रविवारी. डॉक्टरांनी मायले आठवड्याला एकच सांगितली होती, तीही थोडे दिवस. तुम्हाला पुड्या कोणी दिल्या?"

हर्षानं पर्समधली पुडी बाहेर काढली. "मायनं. फडक्यात बांधून."

"तेच. जन्मभर सारखे वाटे करणाऱ्या बाईनं औषधाचेही केले. कोणाले कमी वाटू नये म्हणून. दुसरीकडेही दिल्यात, हे प्रत्येकीले सांगायचं राहून गेलं. पुडीतलं हे ड जीवनसत्त्व अंगात साठत जातं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढवतं. तुम्ही ते संपू दिलं नाही."

"मंग मी आधीच म्हणत होतो, की..." नितेश पुटपुटला.

"तू डब्याचं म्हणत होतास."

पुड्या बंद झाल्या. सलाइन लागलं. काही दिवसांनी हर्षा आत गेली तेव्हा माय उठून बसली होती.

"हर्षे, वाळली वं तू," ती म्हणाली.

मायनं उशाखालून पेढा काढला, बोटांनी तीन तुकडे केले, डोळे बारीक करून पाहिले, एकातला कण दुसऱ्यात सरकवला. एक आचलला, एक मोनालीला, एक हर्षाला.

हर्षानं आपला तुकडा मोनालीच्या तळहातावर ठेवला आणि तिची मूठ मिटली.

"वहिनी, तुमच्याचपाशी राहू द्या मायले. अकोल्याले नेत नाही मी."

"अवं, सारखे केले होते ना मी!" माय कुरकुरली.

"आज नको सारखे, माय," हर्षा म्हणाली.