श्वास ऐकणारा कागद

त्या उत्तरेकडच्या बंदरगावात कागद विकत मिळेनासा होऊन वीस वर्षं झाली होती. त्यामुळे नातीच्या पाचवीला पल्लवीबाईंची पंचाईत झाली. लेकीच्या, ओवीच्या बाळंतपणासाठी त्या उमरखेडहून तीन महिन्यांच्या परवान्यावर आल्या होत्या. रात्री सटवाई बाळाचं नशीब लिहायला येणार, तिच्यापुढं कोरा कागद नि लेखणी नको?

“एकच आहे,” ओवी म्हणाली. “परदेशी नोंद कचेरीचा. रात्रभर बाळाजवळ ठेवून परत द्यायचा.”

“मग आण की! सरकारची नि सटवाईची एकदमच सोय.”

तो जाणता कागद होता. बाळाचा श्वास ज्या माणसाच्या श्वासाशी जुळे, त्याला तो पालक म्हणून नोंदवी. पालकाचा परवाना असेल तोवर बाळाचा.

टाके दुखत होते म्हणून ओवी आत जाऊन झोपली. पल्लवीबाई बाळाला मांडीवर घेऊन जागल्या. कागदावर निळसर रेघा पाण्यावरच्या तरंगांसारख्या उमटत गेल्या. सटवाई लिहितेय, असं वाटून त्यांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या बाईनं कागद उजेडात धरून पाहिला. तिच्या गळ्यातलं भाषांतर यंत्र हळूच मराठीत बोललं, “पालक म्हणून तुम्ही आहात, आजीबाई. तुमचा परवाना सव्वा महिन्यानं संपतो. त्याच दिवशी बाळालाही देश सोडावा लागेल.”

“अहो, आई ही काय समोर उभी आहे!”

“मला दिसते. कागद फक्त ऐकतो. दुसरा कागद एकदाच मिळेल, आठव्या दिवशी. तोवर सात दिवस तुम्ही बाळाला जवळ घेऊ नका.”

पल्लवीबाई शेजारणीकडं राहायला निघाल्या, तशी ओवीला रडू फुटलं.

“रडतेस काय? तुझ्या वेळी माझ्या आईनं तुला मांडीवरून खाली ठेवलंच नाही. मी नुसती बघत बसायची. तुला तरी मिळतंय.”

आठव्या रात्री खिडकीत बर्फाचा मऊ उजेड होता. ओवी बाळाला कुशीत घेऊन पडली होती. नव्या कागदावर रेघा सावकाश उमटत होत्या. शेजारणीकडून आलेल्या पल्लवीबाई दाराबाहेर, भिंतीला धरून उभ्या होत्या. त्यांना फक्त बाळाची टाळू बघायची होती.

एवढ्यात बाळानं मान वळवली. दाराकडं. रेघा थबकल्या.

पल्लवीबाईंनी पदर तोंडाशी घट्ट धरला, श्वास रोखला. छातीत दुखू लागलं, तरी सोडला नाही. ओवीचा श्वास संथपणे वर-खाली होत होता, आणि बाळ डोळे उघडे ठेवून कान देत होतं.

ते कुणाच्या श्वासाची वाट पाहत होतं?