डबा ठेवला तरी फिरणारा पंखा

बुटाची नाडी सुटली म्हणून तो वाकला आणि हातातला स्टीलचा डबा त्याने समोरच्या तळहाताएवढ्या पत्र्यावर ठेवला. नेमका तोच पत्रा म्हणजे त्या विज्ञान प्रदर्शनाचा जीव होता. छताला टांगलेला खेळण्यातला उपग्रह अदृश्य लहरी खाली सोडणार, पत्रा त्या झेलणार आणि वायरीने जोडलेला चिमुकला पंखा फिरणार. उद्या अवकाशातल्या उन्हाची वीज पृथ्वीवर अशीच येईल, हे टेबलामागे उभी असलेली ती दिवसभर पाहुण्यांना हौसेने समजावून सांगायची.

स्टीलमधून लहर पार होत नाही. पंखा मात्र ऐटीत फिरतच राहिला.

त्याने आधी पंख्याकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग तिच्याकडे... तिचे कान तापले. मागे एकदा ऐन गर्दीत पंखा रुसला, तेव्हा तिनेच टेबलाखाली गुपचूप सेल बसवला होता. प्रदर्शनाचे प्रमुख असलेल्या सरांनाही त्याचा पत्ता नव्हता. आता हा चारचौघांत बोलणार, म्हणून ती श्वास रोखून उभी राहिली. पण त्याने डबा अलगद उचलला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. वीज कंपनीत इंजिनिअर होता, शंका विचारायला आलो म्हणाला. मग रोजच येऊ लागला. इतकं सामान वर न्यायचा खर्च कोण करणार? वाटेत किती वीज वाया जाणार?

"आणि वर बिघाड झाला तर वायरमनने शिडी कुठे टेकवायची?"

"चंद्राला," ती म्हणाली, आणि दोघंही हसत सुटले.

तिने त्याचं नाव शंकासुर ठेवलं. तो यायच्या वेळेला ती उगाच केस सारखे करू लागली. पण सेलबद्दल तो चकार शब्द काढत नव्हता, आणि तेच तिला आतून खात होतं. शेवटी तिनेच विचारलं, "पंख्याबद्दल का विचारत नाही?"

"विचारलं तर तुम्ही काहीतरी सांगाल," तो हळूच म्हणाला. "आणि ते खोटं निघालं तर... मला इथे यावंसं वाटणार नाही."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला होता. सर पुढच्या रांगेत, तो मागे, हातात डबा. तिने टेबलाखालून सेल काढून सगळ्यांसमोर धरला. पंखा थांबला.

"हा पंखा यावर चालत होता. सेल मी बसवला होता, आणि मला त्याची लाज वाटते. इतक्या लांबून वीज पाठवणं आम्हाला अजून जमलेलं नाही."

कुजबुज सुरू झाली. सरांचा चेहरा पडला. तेवढ्यात तो पुढे आला, स्टुलावर चढला आणि पत्रा उचलून उपग्रहाच्या अगदी जवळ नेला. वायर ताणली गेली, म्हणून पंखा हातात धरून तिलाही त्याच्याशेजारी उभं राहावं लागलं. पातं थरथरलं... आणि सावकाश फिरू लागलं.

"जवळून चालतंय," तो म्हणाला.

सरांनी जाताना तिला नंतर केबिनमध्ये यायला सांगितलं. हॉल रिकामा झाला, तरी तिची मान वर होईना.

"उद्या मी इथे असेन की नाही, माहीत नाही," ती पुटपुटली.

"मग शंका कुणाला विचारू?"

"बाहेर बाक आहे... तुमच्या जेवणाच्या सुट्टीत."

"डबा दोघांचा आणतो," तो म्हणाला. तेव्हा कुठे तिने त्याच्याकडे पाहिलं.